शेजारी देशांच्या अधिकाऱ्यांसाठी सागरी सुरक्षेचा कोर्स भरवायचाय? मग हे आधी वाचा

डिफेन्स स्टडीजमध्ये एमए करून एखाद्या थिंक टँकमध्ये किंवा ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये चिकटलेल्या पोरापोरींच्या टेबलावर ही फाइल कधी ना कधी येतेच: हिंदी महासागरातल्या शेजारी देशांच्या पॉलिसी मेकर्ससाठी शॉर्ट कोर्स, प्रपोजल बनवा, शुक्रवारपर्यंत द्या. आणि पहिल्यांदा करणारा हमखास काय करतो, तर लेक्चरची यादी. सोमवारी भू-राजकारण, मंगळवारी दहशतवाद, बुधवारी सायबर, मग एक निवृत्त ॲडमिरल, एक निवृत्त राजदूत, शनिवारी ताजमहाल, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट, शाल-श्रीफळ, टाटा बायबाय. कोणाचंच काही बिघडत नाही आणि कोणाच्याच डोक्यात काही राहत नाही.

मी अशा कोर्सच्या पडद्यामागच्या कामात बराच काळ आहे, त्यामुळे माझं मत सरळ सांगतो. कोर्स संपताना प्रत्येक पार्टिसिपंटला बाकीच्या देशांमध्ये "हे नक्की कोण ठरवतं" हे कळलं पाहिजे. भू-राजकारण त्याला घरी बसून वाचता येतं. पण शेजारच्या देशात जहाज पेटलं तर बंदरात घ्यायचं की नाही हे कोणाच्या सहीने ठरतं, ते कुठल्याच पुस्तकात धड सापडत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या ह्या एकाच गोष्टीसाठी आहेत.

हे प्रकार आले कुठून

थोडक्यात सांगतो कारण प्रपोजलच्या पहिल्या पानावर लागतंच. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिका आणि जर्मनीने १९९३ मध्ये गार्मिश-पार्टेनकिर्शेनला मार्शल सेंटर काढलं, काल-परवापर्यंत एकमेकांवर तोफा रोखून बसलेल्या देशांचे अधिकारी एका वर्गात बसवायचे ही कल्पना. १९९५ मध्ये होनोलुलुला त्याचंच आशिया-पॅसिफिक भावंड सुरू झालं, आता त्याला सिनेटर डॅनियल इनोये यांचं नाव आहे. तिथे येणारा माणूस आपल्या कामातला एखादा प्रश्न घेऊन येतो आणि कोर्सभर त्याच्यावर काम करून परत जातो, ही पद्धत बिनधास्त उचला.

आपल्याकडेही हे काही नवीन नाही. दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज १९६० पासून आहे, त्याच्या ४७ आठवड्यांच्या कोर्सला मित्रदेशांचे अधिकारी येतात. आयटेक, म्हणजे परदेशी अधिकाऱ्यांना ट्रेनिंग देणारी भारत सरकारची योजना, १९६४ पासून चालू आहे, त्यात विमानाचं तिकीट, राहणं, फी असा सगळा खर्च भारत सरकार करतं. आणि आपल्या शेजारी गोव्यात नेव्हल वॉर कॉलेज आहे, जे २०११ पर्यंत मुंबईजवळ करंजाला होतं. ते २०१७ पासून गोवा मेरिटाइम कॉन्क्लेव्ह भरवतं, शेजारी देशांचे नौदलप्रमुख आणि सागरी दलांचे प्रमुख येतात, आणि मधल्या वर्षांत त्याच्याखालच्या, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या लेव्हलच्या अधिकाऱ्यांसाठी गोवा मेरिटाइम सिम्पोझियम असतं. ही दोन लेव्हलची रचना नीट बघून ठेवा, खाली लागेल.

पायरी १: विषय एकच घ्या आणि तो छोटा घ्या

"प्रादेशिक सुरक्षा सहकार्य" हा विषयच नाहीये, ते फाइलवरचं नाव आहे. त्याच्या पोटात एक प्रश्न शोधा. कोलंबो सिक्युरिटी कॉन्क्लेव्ह बघा, भारत, श्रीलंका, मालदीव, मॉरिशस, बांगलादेश आणि आता सेशेल्स असे देश त्यात आहेत आणि त्यांनी कामाचे पाच विषय ठरवलेत: सागरी सुरक्षा, दहशतवाद आणि कट्टरतावाद, तस्करी आणि संघटित गुन्हेगारी, सायबर, आणि आपत्तीतली मदत. ह्यातला एक उचलला तरी एका आठवड्यासाठी तो मोठाच आहे, अजून बारीक करा.

मी नवीन माणसाला नेहमी एकच विषय सुचवतो, पेटलेलं किंवा बुडणारं मालवाहू जहाज. एक तर ह्याच्यात कोणी कोणाचा शत्रू नसतो. चीन, पाकिस्तान, तळ, रडार असले शब्द आले की समोरचा अधिकारी गप्प होतो आणि त्याच्या सरकारने लिहून दिलेलं वाचून दाखवतो. दुसरं म्हणजे उदाहरणं ढीगभर आहेत आणि सगळ्यांच्या दारातली आहेत. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ मॉरिशसच्या प्रवाळावर चढलं, मालक जपानी, झेंडा पनामाचा, तेल मॉरिशसच्या खाजणात, आणि ३० टन सामान आणि कोस्ट गार्डची १० जणांची टीम घेऊन विमान गेलं भारतातून. मे २०२१ मध्ये एक्स-प्रेस पर्ल कोलंबोसमोर जळालं. मे २०२५ मध्ये एमएससी एल्सा ३ कोचीजवळ ६४० कंटेनर घेऊन बुडालं, आणि पुढच्याच महिन्यात कोलंबोहून आपल्या न्हावा शेवाला येणारं वान हाय ५०३ केरळसमोर पेटलं. आणि मुंबईकरांना ऑगस्ट २०१० आठवत असेल, एमएससी चित्रा आणि खलीजिया ३ ची टक्कर, समुद्रात तरंगणारे कंटेनर आणि ठप्प झालेली बंदरं.

अजून एक फायदा आहे, तो प्रपोजलमध्ये लिहू नका पण मनात ठेवा. राजकारण फिरलं तरी असा कोर्स टिकतो. डिसेंबर २०२३ मध्ये कोलंबो कॉन्क्लेव्हची सुरक्षा सल्लागारांची बैठक मॉरिशसला झाली तिला मालदीव आलाच नाही, तेव्हा माले-दिल्ली संबंध ताणलेले होते. अशा काळात "सुरक्षा" नावाच्या कार्यक्रमाला माणूस पाठवणं त्यांच्या सरकारला जड जातं, पण तेलगळतीवरच्या टेक्निकल वर्कशॉपला पाठवायला फारशी हरकत नसते.

पायरी २: कोणाला बोलवायचं

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. नवीन माणूस पत्र पाठवतो "आपल्या नौदलाचा एक प्रतिनिधी पाठवावा" आणि विषय संपला असं समजतो. आता बघा गंमत. मॉरिशसला सैन्यच नाही, तिथलं कोस्ट गार्ड पोलिस दलाचा भाग आहे. मालदीवला वेगळं नौदल नाही, कोस्ट गार्ड त्यांच्या नॅशनल डिफेन्स फोर्समध्ये येतं. बांगलादेशचं कोस्ट गार्ड गृह मंत्रालयाखाली आहे, आपलं संरक्षण मंत्रालयाखाली. श्रीलंकेत नौदल वेगळं, कोस्ट गार्ड वेगळं, आणि समुद्रातल्या प्रदूषणाचा कायदा चालवायला आणखी तिसरीच मरीन एन्व्हायर्नमेंट प्रोटेक्शन ऑथॉरिटी. आणि आपण तरी कुठे सोपे आहोत, तेलगळतीचं राष्ट्रीय पातळीवरचं कोऑर्डिनेशन कोस्ट गार्डकडे, जहाजाचे कायदे बघणार मुंबईतलं डायरेक्टोरेट जनरल ऑफ शिपिंग, किनाऱ्यावर काही वाहून आलं की जिल्हाधिकारी आणि राज्य सरकार, बंदर असेल तर पोर्ट ऑथॉरिटी, आणि परदेशी जहाज आहे म्हटल्यावर परराष्ट्र मंत्रालय.

म्हणून प्रत्येक देशातून एक माणूस मागूच नका. तिघं मागा, तीन वेगळ्या खात्यांचे: एक गणवेशातला, एक शिपिंग किंवा पर्यावरण खात्यातला, एक परराष्ट्र किंवा पंतप्रधान कार्यालयातला. बजेटवाले ओरडतील. देश कमी करा पण तिघं सोडू नका. सहा देशांचे अठरा लोक हा आकडा वर्गात बोलायलाही बरोबर पडतो. आणि खरं सांगू का, बऱ्याच वेळा एकाच देशातले हे तिघं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कोर्सलाच एकमेकांना भेटतात. परदेशात जाऊन स्वतःच्याच राजधानीतल्या माणसाची ओळख व्हायची, हे ऐकायला विचित्र वाटतं पण असंच होतं.

लेव्हल कुठली? जॉइंट सेक्रेटरीच्या एक-दोन पायऱ्या खाली, गणवेशातले असतील तर कमांडर-कॅप्टन. सचिव आणि ॲडमिरल बोलावले तर ते भाषण करतात आणि जातात, त्यांच्यासाठी कॉन्क्लेव्ह असतात. ज्याच्या टेबलावर रात्री दोन वाजता पहिला फॅक्स किंवा मेल येतो तो माणूस आपल्याला हवाय. पत्रात पदाचं नाव नका मागू, काम लिहून मागा: "जहाज अपघातात आपल्या सरकारतर्फे पहिला निर्णय किंवा पहिली शिफारस करणारे अधिकारी." नाहीतर परदेश दौरा कोणाचा राहिलाय ह्या यादीतून नाव येतं, ते सगळीकडे सारखंच आहे, आपल्याकडेही.

पायरी ३: कागद

हा भाग कंटाळवाणा आहे पण कोर्स बुडतो तो इथेच.

परदेशी सरकारी अधिकारी बोलवायचे तर परराष्ट्र मंत्रालयाची मंजुरी आधी, निमंत्रण नंतर. उलटं करू नका. गरजेप्रमाणे गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते, आणि व्हिसा टुरिस्ट नाही, कॉन्फरन्स व्हिसा. तुमची संस्था खाजगी असेल आणि पैसा बाहेरच्या फाउंडेशनचा असेल तर एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचा, प्रश्न पहिल्या दिवशी अकाउंट्सवाल्यांना विचारा, शेवटच्या आठवड्यात नको. सहा महिने हातात ठेवा, चारमध्ये होतं असं कोणी सांगितलं तरी सहाच ठेवा.

निमंत्रण तिथल्या भारतीय मिशनमार्फत जाऊ द्या. ईमेलवर थेट अधिकाऱ्याला पत्र पाठवलं तर तो बिचारा अडचणीत येतो, त्याला वाटतं तर यायचंय पण "तुला हे आलंच कसं" हा प्रश्न त्याच्या साहेबाकडून येतो. आणि बारीकशी गोष्ट, हे सगळे राष्ट्रकुलातले देश आहेत, म्हणजे तिथे आपलं हाय कमिशन असतं, एम्बसी नाही. पाकिटावर एम्बसी लिहून पाठवलं तर पोचतं, पण आपण कोण ते त्यांना पहिल्या ओळीत कळतं.

तारखा ठरवताना कॅलेंडर समोर घ्या. मालदीव आणि बांगलादेशात आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, आपली शनिवार-रविवार, म्हणजे पत्रव्यवहाराला हातात खरे दिवस सोमवार ते गुरुवार. श्रीलंकेत दर पौर्णिमेला पोयाची सुट्टी. रमजानमध्ये कोर्स ठेवू नका, आणि शुक्रवारी दुपारचं सेशन मोकळं सोडा. जेवण हलाल आणि शाकाहारी वेगळं, पाट्या लावून.

पायरी ४: वर्ग कसा चालवायचा

पहिल्या दिवशी सकाळी चॅटम हाऊस रूल सांगा आणि भिंतीवर लावा: इथे ऐकलेली माहिती वापरा, पण कोण बोललं आणि तो कुठल्या देशाचा, खात्याचा हे बाहेर सांगायचं नाही. १९२७ पासूनचा नियम आहे, जगभर चालतो. तो तुमच्या स्वतःच्या लोकांनाही लागू आहे बरं का, संस्थेच्या सोशल मीडियावाल्याला आधीच बाजूला घेऊन समजवा. एखाद्या अधिकाऱ्याचं वाक्य फोटोसकट टाकलं गेलं की उरलेला आठवडा सगळे हवामानावर बोलतात.

लेक्चर दिवसाला दोनच, दुपारनंतर शून्य. आणि आपण शिकवतो ते शिकतात हा सूर तर अजिबात नको, तो आपल्याकडे नकळत येतो आणि शेजाऱ्यांना लगेच झोंबतो. सेशेल्सची लोकसंख्या लाख-सव्वा लाख आणि त्यांच्या हद्दीतला समुद्र तेरा लाख चौरस किलोमीटरच्या पुढे, एवढ्या कमी माणसांत एवढं पाणी सांभाळणाऱ्याकडून आपल्यालाच शिकण्यासारखं खूप आहे. एक्स-प्रेस पर्लवर बोलायला दिल्लीचा एक्स्पर्ट कशाला, श्रीलंकेतून आलेल्याला बोलू द्या. वाकाशिओवर मॉरिशसवाल्याला. त्यांना हे आधी महिनाभर कळवा म्हणजे ते तयारी करून येतात आणि त्यांच्या वरिष्ठांची परवानगी पण घेऊन येतात.

इंग्रजी सगळ्यांना येतं हे खरं, पण मादागास्कर किंवा कोमोरोसला बोलवणार असाल तर फ्रेंचचा दुभाषी हवाच. आणि दुभाषी असला की वेळापत्रकातलं प्रत्येक सेशन लांबतं, ते धरून चाला.

दिल्लीत कोर्स असेल तर एक सकाळ गुरुग्रामला काढा. तिथे डिसेंबर २०१८ पासून नौदलाचं आयएफसी-आयओआर केंद्र आहे, हिंदी महासागरातल्या जहाजांची माहिती एकत्र होते, आणि वेगवेगळ्या देशांचे लायझन अधिकारी तिथे बसून काम करतात. २६/११ ला कुबेर बोटीतून लोक आले तेव्हा समुद्रावरची माहिती किती ठिकाणी विखुरलेली होती हे मुंबईने भोगलंय, त्यामुळे ही भेट घडवताना आपल्या अपयशाबद्दल मोकळेपणाने बोलणारा यजमान मिळाला तर सोनं. आपण आधी आपलं सांगितलं की ते त्यांचं सांगतात.

पायरी ५: टेबल-टॉप एक्सरसाइज, म्हणजे खरा कोर्स

आठवड्यातले किमान दोन दिवस ह्याला द्या. टीटीएक्स म्हणजे कागदावरचं संकट: एक काल्पनिक घटना, ठरावीक वेळाने येणाऱ्या नव्या बातम्या, ज्यांना इंजेक्ट म्हणतात, आणि प्रत्येक टप्प्याला टेबलावर निर्णय.

घटना खऱ्यावरून घ्या, नावं बदला. एक्स-प्रेस पर्लचा सांगाडा ह्यासाठी जबरदस्त आहे: सिंगापूरचा झेंडा, १,४८६ कंटेनर, त्यात २५ टन नायट्रिक ॲसिड, एक कंटेनर गळतोय हे प्रवासातच लक्षात आलं, तो उतरवून घ्या म्हणून कतारच्या हमाद बंदराला आणि आपल्या गुजरातमधल्या हझिराला विचारलं, दोन्हीकडे काम झालं नाही, जहाज कोलंबोला आलं, २० मे ला आग, नंतर भारतीय कोस्ट गार्डची जहाजं मदतीला, आणि २ जूनला खोल समुद्रात ओढून नेताना मागची बाजू तळाला टेकली. प्लास्टिकचे बारीक दाणे किनारा भरून. जुलै २०२५ मध्ये श्रीलंकेच्या सुप्रीम कोर्टाने एक अब्ज डॉलरची भरपाई द्यायला सांगितली.

आता ह्यातला कळीचा क्षण आगीचा नाहीये. तो हझिराचा आहे. म्हणजे संकट अजून छोटं असताना जहाज एका बंदराला विचारतंय आणि बंदर नाही म्हणतंय, त्या क्षणी पुढच्या देशाला हे कोणी कळवायचं? आयएमओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेची, संकटातल्या जहाजाला आसरा देण्याच्या जागांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २००३ पासून आहेत पण ती बंधनकारक नाहीत. तुमचा पहिला इंजेक्ट इथेच टाका. "कप्तानाचा निरोप आलाय, कंटेनर गळतोय, धक्क्याला लागू द्या." आणि गप्प बसा. बघा टेबलावर काय होतं.

पुढचे इंजेक्ट तासाभराच्या अंतराने: बंदराचा नकार. मच्छीमारांच्या संघटनेचा मोर्चा. विमा कंपनीचा वकील, जो अत्यंत गोड बोलतो आणि काहीच कबूल करत नाही. दुसऱ्याच जहाजाचा जुना व्हिडिओ व्हायरल. मंत्र्यांच्या ऑफिसमधून फोन, अर्ध्या तासात प्रेस कॉन्फरन्स आहे, दोन ओळी द्या. शेवटचा सगळ्यात जास्त घाम काढतो कारण तो खरा असतो.

बसवायचं कसं हे महत्त्वाचं. पहिली फेरी देशाप्रमाणे, आपापल्या टेबलावर. दुसऱ्या फेरीत अदलाबदल: मॉरिशसचे लोक बांगलादेश होतील, भारतीय लोक मालदीव होतील. खरी मजा इथे येते, कारण दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच प्रश्न येतो, "थांबा, तुमच्याकडे हे ठरवतं कोण?" आणि तो ज्याचा देश आहे तो पलीकडच्या टेबलावरून उत्तर देतो, कधी कधी त्याच देशाचे दोघं दोन वेगळी उत्तरं देतात. त्या भांडणात पडू नका, ते लिहून घ्या. भारतीय पार्टिसिपंटला ह्या फेरीत थोडं दाबून ठेवावं लागतं हेही सांगून ठेवतो, आपल्याला मोठ्या भावाची भूमिका सुटता सुटत नाही.

लिहून घ्यायला एक माणूस फक्त त्यासाठीच ठेवा. त्यातून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकच पान तयार व्हायला हवं, उभ्या रकान्यात देश, आडव्या ओळीत पाच प्रश्न: पहिला निरोप कुठे येतो, बंदरात घ्यायला नाही कोण म्हणू शकतं, टग (जहाज ओढणारी बोट) आणि साल्व्हेजवाल्याला (अडकलेलं जहाज वाचवणारी कंपनी) ऑर्डर कोण देतं, सुरुवातीचा पैसा कुठून निघतो, आणि प्रेसशी कोण बोलतं. रिकामी घरं राहतील, राहू द्या. रिकामं घर म्हणजे त्या अधिकाऱ्याचं परत गेल्यावरचं काम.

कोर्स संपल्यानंतर

फीडबॅक फॉर्ममध्ये "जेवण कसं होतं" ला पाचपैकी पाच मिळतात, त्यावरून रिपोर्ट लिहू नका. डोनर किंवा मंत्रालय विचारेल आउटकम काय, तर ते एक पान दाखवा, आणि तीन महिन्यांनी किती रिकामी घरं भरली ते.

सहा महिन्यांनी सगळ्यांना एका सकाळी न सांगता एक इंजेक्ट मेलवर टाका, विषयात मोठ्या अक्षरात "सराव, सराव, सराव" लिहून, नाहीतर कोणीतरी खरंच कंट्रोल रूमला फोन लावेल. उत्तर किती वेळात येतं ते बघा. अर्ध्या लोकांची बदली झालेली असते, हे धरूनच चाला, तिन्ही खात्यांत सारखंच आहे. बदली झालेल्याला नुसतं यादीतून काढू नका, त्याच्याकडून त्याच्या जागी आलेल्याचं नाव आणि खुर्चीचा नंबर मागून घ्या, म्हणजे व्यक्तीचा मोबाइल नव्हे, ऑफिसचा, जो बदलीनंतरही वाजतो. व्हॉट्सॲप ग्रुप लोक स्वतःच काढतात, तो चालू द्या, ईद-दिवाळीच्या शुभेच्छांना बरा आहे, पण संस्थेने तो चालवू नये आणि त्यावर कामाचं काही टाकू नये. आणि पुढच्या वर्षीच्या कोर्सचं निमंत्रण लिहिताना ते एक पान सोबत जोडा, जुनी घरं अपडेट करून पाठवा एवढी एक ओळ वर लिहायची, नॉमिनेशन येईल तेव्हा त्यासोबत ते पान भरून येतंय का ह्यावरून योग्य माणूस निवडलाय की नाही ते तिथेच कळतं.